१४ एप्रिलचं रक्त आषाढात पुरत नाही

दोस्तहो, १४ एप्रिलला आपण रक्त देतो. मांडव, निळे झेंडे, बाबासाहेबांचा फोटो, बिस्किटाचा पुडा, सर्टिफिकेट. रक्त द्यायलाच पाहिजे. माझं भांडण तारखेशी आहे.

मी गडबचा. भातगिरणीत पोती उचलतो, रात्री कविता लिहितो. गावाला लागूनच मुंबई-गोवा हायवे. २०११ साली त्याचं रुंदीकरण सुरू झालं आणि माझं पोरपण खड्डे मोजण्यात गेलं. पावसात खड्डा भरला की तिथं रस्ता आहे का विहीर, चाकाला कळत नाही.

गेल्या आषाढात गिरणीतला माझा जोडीदार मोटारसायकलवरनं पडला. मांडीचं हाड मोडलं. बाहेर रक्त थोडंच. पण मोडलेल्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साठतं. माणसाच्या अंगात असतं पाचेक लिटर, हिशोब करा. दवाखान्यात सलाईन लावलं. सलाईन म्हणजे मीठ-पाणी. त्यानं शिरा भरतात, पण प्राणवायू वाहून न्यायचं काम त्याला जमत नाही, आणि जास्त झालं तर रक्त इतकं पातळ होतं की गोठायचं थांबतं. रक्त पाहिजे, तर म्हणाले, बदली रक्तदाते आणा. त्याची आई भिंतीला टेकून उभी. मला म्हणाली, "बाळा, एवढ्या रातीचं रगत कुठनं आणू रं?"

सुप्रीम कोर्टानं १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताचा धंदा बंद झाला. बरं झालं. नायतर पोटासाठी बाटली भरायला रांगेत कोण उभं राहिलं असतं, सांगायला नको. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणात बदली रक्तदाता हळूहळू बंद करा असंही लिहिलंय. धोरण दिल्लीत, म्हातारी भिंतीला.

आम्ही चौघं धावलो. एकाला कावीळ होऊन गेलेली, एकाचं हिमोग्लोबिन कमी. दोघांचं घेतलं. पिशवी लागली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तो वाचला. लंगडतो.

आता तारखेचं. २ ते ६ अंशाच्या थंडीत रक्त ३५ दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या काढून नव्या द्रावणात ठेवल्या तर ४२. प्लेटलेट तर पाचच दिवस. म्हणजे १४ एप्रिलची साधी पिशवी १९ मेला बाद. पाऊस नंतर येतो, खड्डे नंतर भरतात. आणि जखमी माणसाला थांबायला वेळ नसतो. रक्त नीट जुळवून बघायला पाऊण तास जातो. तेवढा दम नसेल तर गट न बघता ओ गटाच्या लाल पेशी देतात, पोरीबाळींना शक्यतो ओ निगेटिव्ह. पण त्या फ्रीजमध्ये असाव्या लागतात.

ह्याच हायवेनं पुढं गेलं की महाड. १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यालो म्हणून आपली डोकी फोडली. आज ह्या रस्त्यावर पडलेला कुणाचंही रक्त मुकाट घेतो, शुद्धीवर आल्यावर आपल्या माठाकडं बघतो ते सोडा. अमेरिकेत पिशवीचासुद्धा रंग बघत. दुसऱ्या महायुद्धात तिथला रेडक्रॉस काळ्यांचं रक्त वेगळं ठेवायचा, ते १९५० पर्यंत. आणि रक्तपेढ्या उभ्या करण्यात ज्याचं मोठं काम, तो डॉक्टर चार्ल्स ड्र्यू स्वतः काळा.

तर पोरांनो, शंभर जणांनी एका दिवशी रांग लावण्यापेक्षा नावं वाटून घ्या. गडी ९० दिवसांनी परत देऊ शकतो, बाई १२० दिवसांनी. आमच्या विहारात एक वही ठेवलीय. नाव, गट, फोन, कधी दिलं. जून ते सप्टेंबरची पानं आधी भरतो. १४ एप्रिलच्या पानावर ह्या वर्षी मुद्दाम दहाच नावं घेतली. अकरावा रागावला, त्याला जुलै दिला.