‘अहो’

क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ला जते’ हा १९६२ सालचा लघुपट अठ्ठावीस मिनिटांचा आहे. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालंय, उरलेली माणसं जमिनीखाली राहतायत. एका कैद्याला इंजेक्शनं देऊन भूतकाळात पाठवतात. त्यालाच का? कारण लहानपणी ऑर्ली विमानतळावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा त्याच्या मनात घट्ट रुतून बसलाय. तिथे ती त्याला भेटते, दोघं प्रेमात पडतात. पण हे सगळं आपण पाहतो ते स्थिर, कृष्णधवल फोटोंमधून. फक्त एकदा, काही क्षण चित्र हलतं: झोपलेली ती डोळे उघडते आणि पापणी लवते.

इथे लंडनमध्ये हा सिनेमा पाहताना मला सांगलीचं आमचं घर दिसत होतं.

आईला स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली. या आजारात बऱ्याच जणांची तगमग दिवेलागणीला वाढते, तशी तिचीही वाढते. “मला घरी जायचंय” म्हणत ती दाराशी जाते. मग बाबा अल्बम काढतात. “हा बघ आयर्विन पूल. ही तू, हा मी.” माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ कॉलवर हे बघते. आई बाबांना ‘भाऊ’ म्हणते, अगदी अदबीनं. बाबाही “बोला” म्हणतात.

गेल्या श्रावणात एकदा फोटो बघता बघता ती म्हणाली, “अहो, चहा घेतलात का?”

बाबांचा हात पानावरच थांबला. “घेतला गं,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ‘भाऊ’ झाले.

सिनेमातला तो माणूस सुखरूप भविष्य नाकारून तिच्याकडे, भूतकाळात परततो आणि तिथेच मरतो. बाबांचं तसं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तिला आठवावं म्हणून नाही गं दाखवत. तिची संध्याकाळ बरी जावी, एवढंच.”

या दिवाळीत मी तीन आठवडे सांगलीला जातेय. सहा ते साडेसात अल्बमची पाळी माझी, हे बाबांनी आत्ताच बजावलंय. तेवढ्या वेळात ते पुलापर्यंत पाय मोकळे करून येणार आहेत. चार वर्षांत पहिल्यांदाच.