विनंती विशेष

परवा घरून आईचे पत्र आले. दूरध्वनीवरचे बोलणे तिला अलीकडे नीट ऐकू येत नाही. म्हणून आमचा पत्रव्यवहार अजून टिकून आहे. धाकट्यांनी 'शि. सा. न. वि. वि.' लिहावे आणि वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद द्यावेत, ही रीत तिने आजवर मोडली नव्हती. या खेपेस मात्र शेवटी एक ओळ होती : 'एक विनंती आहे, रजा मिळाली तर येऊन जा.' आईने मुलास विनंती करावी, हे मनाला फार लागले.

त्याच दिवशी कचेरीत, कित्येक महिने लांबणीवर टाकलेला बदलीचा अर्ज लिहावयास घेतला. जुन्या वळणाने 'आय बेग टु स्टेट' असा आरंभ केला आणि लेखणी अडखळली. 'बेग' म्हणजे मूळचे भीक मागणे. मध्ययुगीन युरोपात भिक्षेवर राहणारे 'बेगार्ड' नावाचे पंथीय होते. त्यांच्या नावाशी काही पंडित या क्रियापदाचा संबंध जोडतात. पुढे ते झिजत झिजत 'आय बेग युअर पार्डन'मधल्या शिष्टाचारापुरते उरले. तरी खांद्यावरची झोळी काही पुरती उतरली नाही. भिकारी अजून 'बेगर'च आहे.

मग आपले शब्द आठवले. 'अर्ज' हा अरबी. त्याचा मूळ अर्थ पुढे मांडणे. 'विनंती' ही संस्कृत 'विज्ञप्ती'पासून प्राकृत 'विण्णत्ति'च्या वाटेने आली, अर्थ, कळविणे. येथे जबलपुरात सरकारी फलकावर हिंदी 'विज्ञप्ति' नेहमी वाचावयास मिळते. ती वरून खाली येते. तोच शब्द मराठीत खालून वर जातो आणि जाताना हात जोडतो. मुळात मात्र त्यात याचना नाही. ज्याला ठाऊक असावयास हवे त्याच्या कानी घालणे, एवढेच त्यात आहे.

'विनंती विशेष' ही दोन अक्षरांत आखडलेली शब्दांची जोडी मी आईला वर्षानुवर्षे लिहीत आलो. तिचा अर्थ कधी मनात आणला नाही. आईने भीक मागितली नव्हती. तिने मला कळविले होते. लाज वाटावयाची ती तिच्या शब्दाची नव्हे. तो लिहिण्याची वेळ येईपर्यंत आपल्याला काही कळले नाही, याची.

असो. 'बेग' खोडून तेथे साधे 'रिक्वेस्ट' घातले. बदलीचे काय व्हावयाचे ते वरिष्ठ ठरवितील. रजेचा अर्ज मात्र त्याच सायंकाळी दिला आणि आईला पत्र टाकले : 'शि. सा. न. वि. वि. येत आहे.'