आधी कोणी घ्यायचे?

मी फरशी बसवणारा माणूस. सकाळी ब्राह्मणपुरीहून शहाद्याला कामावर जातो आणि अंधार पडल्यावर घरी येतो. दिवसभर दोरी धरून फरशीला फरशी जुळवायची, हेच माझे काम. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या भाच्याने पिशवीतून पुठ्ठ्याच्या फरश्यांचा खेळ काढला, तेव्हा मला हसूच आले.

"अरे, दिवसभर हेच करतो. घरी येऊनही हेच करू का?"

"मामा, एक डाव बसा. पंधरा मिनिटांत संपतो."

खेळाचे नाव किंगडोमिनो. ब्रुनो कॅथला नावाच्या फ्रेंच माणसाने तो तयार केला. २०१६ साली तो बाजारात आला आणि २०१७ साली जर्मनीत त्याला वर्षातील उत्तम खेळाचे बक्षीस मिळाले. जुन्या डॉमिनोसारखीच प्रत्येक फरशी दोन घरांची असते. पण ठिपक्यांच्या जागी शेत, जंगल, तळे, कुरण, दलदल आणि खाण. अशा ४८ फरश्या. आपल्या किल्ल्यापासून सुरुवात करायची, शेताला शेत आणि पाण्याला पाणी जुळवत जायचे आणि पाच बाय पाचच्या चौकटीबाहेर जायचे नाही. काही घरांवर मुकुट असतात. सहा घरांचे सलग शेत आणि त्यात दोन मुकुट असतील तर बारा गुण. मुकुटच नसेल तर शेत कितीही मोठे असो, शून्य!

पण मला भावला तो निवडीचा नियम. चौघे खेळत असतील तर दर फेरीला चार फरश्या क्रमांकाने मांडतात. साधी फरशी लहान क्रमांकाची, चांगली मोठ्या क्रमांकाची. चांगली घेणाऱ्याला पुढच्या फेरीत शेवटी थांबावे लागते. साधी घेणाऱ्याला पुढच्या वेळी पहिला मान. नाव राजाचे, पण नियम बरोबरीचा.

आम्ही चौघे बसलो. मी, भाचा, नववी झालेला थोरला आणि चौथी झालेली धाकटी. पहिल्या फेरीत थोरल्याची पाळी आधी आली. त्याने सर्वांत चांगली फरशी उचलली. शेवटी उरलेली धाकटीला मिळाली. दुसऱ्या फेरीत धाकटीने हात पुढे केला तसा थोरला चिडला. "मी मोठा आहे, आधी मी घेणार!"

"दादा, मघाशी चांगली तूच घेतलीस ना?" ती म्हणाली.

भाकरी थापणारी मुलांची आई तिकडूनच म्हणाली, "हा नियम या घरात कोणी आणील का? पोरीचा चष्मा दिवाळीपासून रांगेत उभा आहे."

मी गप्प झालो. फळ्यावरचे नीट दिसत नाही, असे धाकटीने दिवाळीत सांगितले होते. मी "बघू" म्हणालो. मग थोरल्याच्या क्लासची फी आली, त्याची सायकल आली. धाकटीचे "बघू" तसेच राहिले. पाढे चुकले की मी तिलाच रागावत होतो. आता पाहिले, तर मुकुट मोजायला ती फरशी अगदी नाकाशी नेत होती. दोन फरश्यांमधली केसाएवढी फट माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि माझ्याच घरातले हे मला दिसले नाही!

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिला शहाद्याला नेऊन डोळे तपासले. नंबर निघाला. थोरल्याला म्हणालो, "दप्तर या जूनला जुनेच चालव." तो दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानेच बहिणीला चष्मा पुसायला मऊ कापड फाडून दिले.

भाचा खेळ घेऊन पुण्याला गेला. मग साइटवर पडलेल्या फरश्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे मी घरी आणले. मी मापाने कापले, मुलांनी रंग दिले. आठवडाभरात आमचा खेळ तयार झाला.

वाचक बंधू-भगिनींनो, खेळ विकत घ्या किंवा घरी करा. पण आठवड्यातून एकदा मुलांबरोबर जमिनीवर बसा. गुण कोणाला किती मिळाले हे सोडा. आपल्या घरात दर वेळी आधी कोण घेतो आणि उरलेले कोणाच्या वाट्याला येते, तेवढे बघा.

परवा धाकटीने चष्मा सावरत माझा डाव तपासला. म्हणाली, "बाबा, तुम्ही मिस्त्री ना? मग जंगलाला तळं कसं लावलंत?"