चौथा क्रमांक, सहा गाड्या



या खेपेला विषय जरा भलताच आहे. मोटारींच्या शर्यती! आमच्या बीडला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, आणि मी लिहितोय ताशी तीनशे किलोमीटरने पळणाऱ्या गाड्यांवर. पुण्याच्या सूनबाई हसतील. हसू देत. खरं म्हणजे मला गाड्यांचं फारसं काही नाही, गाड्यांवर मराठीत लिहिणाऱ्यांचं अप्रूप आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. महाराष्ट्र दिनी. केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा लिमिटेड कंपनी स्थापून भांडवल उभं केलं होतं. वाईच्या विश्वकोशामागे सरकार होतं. इथे लिहिणाऱ्याला पगार नाही, मानधन नाही, लेखाखाली नावसुद्धा छापून येत नाही. दिवसभर कुठेतरी नोकरी करून रात्री जेवणं झाल्यावर ही मंडळी बसतात आणि फॉर्म्युला वनचे हंगाम, चालक, ग्रांप्री असे लेख लिहितात. कशासाठी, असं आमची ही विचारते. मी म्हणतो, तू देवळात रांगोळी कशासाठी घालतेस?

नातवानं दाखवलं तेव्हा कळलं की प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चेचं पान असतं. हल्ली मी लेखाच्या आधी तेच उघडतो. गंमत म्हणजे तिथली भाषा अगदी आपल्या गावातली आहे. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा ती चावडी. नवख्यानं हात बसवायचा ती धूळपाटी. आणि आपोआप काम करणारा जो संगणकाचा प्रोग्रॅम असतो, त्याला नाव दिलंय सांगकाम्या! ज्याला कुणाला हा शब्द सुचला त्याला माझ्याकडून दहापैकी दहा.

मोटारशर्यतींच्या लेखांत निम्मे वाद नावांचे. शूमाकर की शूमाखर? वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं शूमाकर छापलं, जर्मन उच्चार ‘ख’कडे झुकतो. ग्रांप्री हा फ्रेंच शब्द, अर्थ मोठं बक्षीस. पण इंग्रजी अक्षरं वाचून पुष्कळ जण ‘प्रिक्स’ म्हणतात. आपल्या कार्तिकेयनचं पहिलं नाव नरेन लिहायचं की नारायण, रोमन अक्षरांवरून दोन्ही वाचता येतं. अशा वादांत माझं मत ठरलेलं आहे, ज्याचं नाव त्याच्या घरी जसं हाक मारतात तसं लिहावं. असो.

मला गुंतवून ठेवलं ते मात्र कार्तिकेयनच्या एका वाक्यानं.

हा कोइमतूरचा मुलगा २००५ साली जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. भारताचा पहिलाच. त्याच वर्षी १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसला तो चौथा आला, पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा आजही तो एकटाच भारतीय आहे. चर्चेत एका तरुण संपादकाचं म्हणणं होतं, ‘चौथा क्रमांक पटकावला’ एवढं लिहून थांबावं. दुसऱ्याचं म्हणणं, त्या दिवशी धावल्या फक्त सहा गाड्या, तेही लिहा.

झालं होतं असं. मिशेलिनचे टायर तिथल्या उतरत्या, वेगाच्या वळणावर टिकत नव्हते. सरावात राल्फ शूमाखरची गाडी भिंतीवर आदळली. मग तोडगा काही निघेना, आणि रविवारी सुरुवातीची एक फेरी मारून मिशेलिनवाल्या सात संघांच्या चौदा गाड्या सरळ आत निघून गेल्या. उरल्या ब्रिजस्टोन टायरच्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. पैसे देऊन आलेले प्रेक्षक ओरडत राहिले.

तरुण संपादक चिडला होता. त्याचा मुद्दा असा की बाकीचे निघून गेले यात कार्तिकेयनचा काय दोष? तो तर शेवटपर्यंत पळाला. गुणतक्त्यात पाच गुण आहेत ते आहेत. आपल्याच माणसाच्या यशाला आपणच खोट का लावायची?

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मुलगा चुकीचं बोलत नव्हता. आपल्या जिल्ह्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि वर्ग रिकामे होतात. आईबापांबरोबर पोरंही जातात. मागे राहिलेल्या पंधरा-सोळा जणांत जो पहिला येई, त्याचा पहिला नंबर मी कधी कमी धरला नाही. तो आजीजवळ राहून, स्वतः भाकरी थापून शाळेत आलेला असायचा. पण निकालपत्रकात किती मुलं परीक्षेला बसली, हाही रकाना असे, आणि तो मी भरत असे. त्यानं त्या पोराचं काही कमी होत नाही. उलट नंतर कुणी ‘वर्गात होतंच कोण?’ असं हिणवलं तर त्याला मान खाली घालावी लागत नाही, कारण लपवलेलं काहीच नसतं.

आणि दुसरंही एक मनात आलं. इंग्रजी वाचणारा दहा ठिकाणी ताडून पाहील. धारूरच्या किंवा पाटोद्याच्या पोराला प्रकल्पाच्या वहीत उतरवायला मराठीतलं हे एकच वाक्य सापडणार. त्याला अर्धं सांगून कसं चालेल?

शेवटी चर्चेत मीही चार ओळी लिहिल्या, हजेरीचा दाखला देऊन. तरुण संपादकानं आधी उत्तर दिलं, ‘सर, हे शर्यतीचं पान आहे, शाळेचं नाही.’ (मी सर आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे. भाषेवरून असेल.) पण दोन दिवसांनी त्यानंच नवं वाक्य मांडलं. मिशेलिनच्या सात संघांनी माघार घेतल्यावर उरलेल्या सहा गाड्यांत कार्तिकेयननं चौथा क्रमांक पटकावला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. दोन्ही गोष्टी एकाच दमात. मला पसंत पडलं.

आता वाद उरलाय तो ‘पटकावला’चा. माझ्या मते विश्वकोशात ‘मिळवला’ पुरे. तसं लिहून आलोय काल रात्री. उत्तर अजून नाही.