पन्हाळ्यावरची भाकरी

गडावर जायचं म्हणजे पहाटे उठायचं, सॅकमध्ये पोळी-चटणी कोंबायची, तासन् तास चढायचं आणि वर पोचल्यावर तटावर बसून तीच गारढोण पोळी खायची. आमच्याकडे तरी भटकंतीचा अर्थ एवढाच! पन्हाळ्याचं मात्र तसं नाही. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, एसटी थेट गडावर. वर नगरपालिका आहे, तालुक्याची कचेरी आहे, शाळा आहे, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आहेत. जेमतेम तीन हजारांची वस्ती, पण आहे मात्र पुरतं गाव.

या वेळी बरोबर आई होती. लहानपणी ती दोन वर्षं इथल्या शाळेत होती, आणि शाळा कुठे, तर महाराणी ताराबाईंच्या वाड्यात! "इतिहासाचा तास आणि बाहेर बघावं तर तोच इतिहास," असं ती अजून सांगते. (गणिताच्या तासाला काय दिसायचं, ते मात्र सांगत नाही.)

गडाचा इतिहास तुम्हा मंडळींना मी काय सांगणार? शिलाहार भोजाने बांधला, मग यादव, बहमनी, आदिलशाही. मोरोपंतांचा जन्मही इथलाच, १७२९ सालचा. तीन दरवाजा आणि अंधारबाव बघून झाली. पण मला खरं थांबवलं ते अंबरखान्याने. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली तीन धान्यकोठारं. गंगा त्यातली सगळ्यात मोठी. बाहेरच्या जिन्याने छतावर जायचं. तिथे भोकं आहेत, त्यातून धान्य खाली ओतायचं. २५ हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. आत गेलं की थंडगार अंधार आणि आपलाच आवाज घुमून परत येतो.

मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. महाराज निसटले ते जुलैच्या भर पावसात. पुढची शिवा काशिदांची आणि बाजीप्रभूंची गोष्ट आपल्याला पाठ असते, रात्रीसकट आणि चिखलासकट. पण मधल्या चार महिन्यांचं काय? वर हजारो माणसं होती. कुणीतरी रोज दळत असेल, चुली पेटवत असेल, उरलेलं धान्य मोजत असेल. त्यांच्यावर पोवाडे नाहीत. अंबरखान्यात उभं राहिलं की त्यांचीच आठवण येते, निदान मला तरी आली. (भूक लागली होती हेही खरं!)

तर जेवण. तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापुरात मिळतोच. गडावर मात्र झुणका-भाकर खावी, तीही चुलीवरची. एका झोपडीवजा हॉटेलात शिरलो. मावशी भाकरी थापत होत्या. आईला बघून म्हणाल्या, "या की काकी, बसा. भाकरी ज्वारीची का नाचणीची?" आईने नाचणीची सांगितली. सोबत झुणका, हाताने फोडलेला कांदा, मडक्यातलं घट्ट दही आणि खर्डा. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात परतून लसूण, शेंगदाणे आणि मीठ घालून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडलेल्या. मिक्सरमधून काढलेल्याला खर्डा म्हणू नये, हे माझं ठाम मत आहे. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला डोळ्यातून पाणी. आई शांतपणे खात होती.

जेवता जेवता मी सहज विचारलं, जागतिक वारसा यादीत नाव आलं, आता गिऱ्हाईक वाढलं असेल ना? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ले यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. मावशींचा हात परातीत थांबला. "नाव आलं त्ये चांगलंच झालं. पर आमास्नी हितनं उठवणार न्हाईत न्हवं?"

मी कोण उत्तर देणार! यादीत नाव यायच्या आधीपासूनच गावात ही धाकधूक होती. घर दुरुस्त करता येईल का, टपरी राहील का. आश्वासनं मिळाली आहेत, पण टपरीचं भाडं आश्वासनावर भरता येत नाही. तटाला टेकून उभे केलेले पत्रे, प्लास्टिकचा कचरा हे मलाही खुपतं, त्याला शिस्त हवीच. पण स्वच्छ, रिकामा, तिकीट लावलेला पन्हाळा मला नको आहे. जिथे कोठारात धान्य साठवून माणसं जगवली, तिथे चूल पेटलेली असणं मला अतिक्रमण वाटत नाही.

आई मात्र मावशींना विचारत होती, नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवता की कोमट? "उकळत्या. न्हाईतर भाकरी चिरतीया." मग तिथून दोघी शाळेवर घसरल्या, कुठल्याशा बाईंची छडी निघाली आणि मी तिसरी भाकरी घेतली.

निघताना मावशींनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात मूठभर खर्डा बांधून दिला, पैसे न घेता. घरी पोचेपर्यंत गाडीत लसणाचा वास दरवळत होता.