मी नसताना

कोल्हापुरात पावसाळ्यात वीज गेली की आमच्या शाळेचा सर्व्हर बंद पडायचा. सर्व्हर म्हणजे संगणक कक्षातला एक जुना संगणक. त्यावर उबुंटू आणि एनजिनएक्स टाकून मी उर्दू-मराठीचे धडे आणि मुलांचे गुण ठेवले होते. गुण म्हणजे मुलांची अमानत. वाटेत कुणी ते वाचू नयेत म्हणून सगळं एचटीटीपीएसवर ठेवलं आणि त्याच्या गुप्त किल्लीच्या फाइलला पासवर्डही लावला.

वीज आल्यावर संगणक सुरू व्हायचा, पण सर्व्हर आपोआप सुरू होत नसे. मी जाऊन हाताने कमांड द्यायची, तो पासवर्ड विचारायचा, मी द्यायची, की काम सुरू. माझ्याशिवाय अडतं, हे खरं सांगायचं तर मला थोडं आवडतही होतं.

जुलैत अम्मी दवाखान्यात होत्या. त्याच दिवशी चाचणीचे गुण भरायचे होते. "मॅडम, पासवर्ड सांगा ना," सहकारी शिक्षिकेचा फोन आला. मी सांगितला. तिने भर स्टाफरूममध्ये एकेक अक्षर मोठ्याने म्हणत कागदावर उतरवून घेतला. फोन ठेवला आणि जीव खाली-वर झाला. असा पासवर्ड असून काय उपयोग?

रात्री भाच्याला फोन केला. तो संगणक शिकतोय. "खाला, लॉग वाचलात का?" त्याने आधी हेच विचारलं. मी कधीच वाचला नव्हता. दुसऱ्या दिवशी वाचला, तर किल्ली उघडता आली नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं!

"हाताने चालू करताना पासवर्ड द्यायला तुम्ही समोर असता," तो म्हणाला. "सर्व्हिस म्हणून सुरू होताना समोर कुणीच नसतं. मग तो विचारणार कुणाला?"

पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय एनजिनएक्समध्ये आहे. पण तीच फाइल शेजारी ठेवायची, म्हणजे कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं. जुना पासवर्ड तर चारचौघांत गेलेला. म्हणून आम्ही नवी किल्ली आणि नवं प्रमाणपत्र तयार केलं. किल्लीला पासवर्ड ठेवला नाही, पण ती फाइल फक्त रूट या मुख्य खात्यालाच वाचता येईल अशी परवानगी लावली. पेन ड्राइव्हवर तिची प्रत ठेवली नाही आणि कक्षाला कुलूप घातलं.

तरीही सर्व्हिस सुरू होईना! पुन्हा लॉग पाहिला. हाताने चालू केलेला सर्व्हर अजून चालूच होता आणि 443 क्रमांकाचं पोर्ट त्याने अडवून ठेवलं होतं. तो बंद केला आणि सर्व्हिस लगेच सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला, वीज गेली आणि पहाटे आली. मी अम्मींच्या उशाशी बसून होते. दुपारपर्यंत शाळेतून एकही फोन आला नाही. शेवटी मीच फोन करून विचारलं. गुण भरून झाले होते.