'इट'ची जागा

मोठ्या माणसांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. एकदा वर्ग सुटल्यावर एक ताई दिव्याच्या बटणाशी थांबल्या. "मॅडम, टर्न ऑफ इट?" मी म्हटलं, "टर्न इट ऑफ." त्यांनी लगेच विचारलं, "मग 'टर्न ऑफ द लाइट' कसं चालतं?"

"तसंच म्हणतात," एवढंच मला सांगता आलं. ते उत्तर घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

रात्री ऑक्सफर्डचा शब्दकोश काढला. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबींनी तो परभाषक विद्यार्थ्यांसाठीच रचला; पहिल्यांदा तो १९४२मध्ये टोकियोत छापला गेला. माझ्या प्रतीत 'टर्न ऑफ'च्या नोंदीत दोन्हीकडे टोक असलेला एक छोटा बाण होता. कर्म 'ऑफ'च्या अलीकडेही बसतं आणि पलीकडेही, असा त्याचा अर्थ. पण कर्म सर्वनाम असेल तर त्याची जागा मधलीच. 'लुक आफ्टर'पाशी बाण नाही, म्हणून तिथे 'लुक आफ्टर हर' हेच बरोबर. इतकी वर्षं कोश हाताळूनही तो बाण मी नीट पाहिला नव्हता.

पुढच्या वर्गात हे सगळं सांगितलं. मग प्रश्न आला, मुळात कर्म आहे की नाही हे कसं ओळखायचं? मी मराठीची खूण दिली. 'द प्लेन टुक ऑफ' म्हणजे विमान उडालं. 'ने' नाही, कर्म नाही. 'ही टुक ऑफ हिज शूज' म्हणजे त्याने बूट काढले. 'ने' आला, कर्म आलं. सगळ्यांना पटलं. त्याच ताईंनी हात वर केला. "ही गेव्ह अप. त्याने हार मानली. इथे 'ने' आहे, पण इंग्रजीत कर्म कुठंय?"

त्यांचं बरोबर होतं. 'हार' हे कर्म मराठीचं. इंग्रजी वाक्य कर्मावाचून पुरं होतं. तेच 'ही गेव्ह अप स्मोकिंग' म्हटलं, की कर्म हजर. (आपल्याकडेही 'तो धडा शिकला' असतंच, कर्म असून 'ने' नाही.) भाषांतराला विचारून भागत नाही, 'काय' आणि 'कोणाला' हे प्रश्न इंग्रजी वाक्यालाच विचारावे लागतात. तेव्हापासून 'टर्न ऑफ'सारख्या फ्रेझल व्हर्बच्या अर्थांच्या याद्या मी पाठ करून घेत नाही. प्रत्येक क्रियापद पूर्ण वाक्यात, एकदा नामाबरोबर आणि एकदा 'इट'बरोबर लिहून घेते.

तुमच्या घरी असा कोश असेल, तर 'पुट ऑफ' काढा आणि अर्थाच्या आधी बाण शोधा.